धूळ चालेल, बुरशी नको

कोजागिरी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पाऊस संपलेला असतो, आकाश धुतलेलं असतं आणि चार महिने माळ्यावर पडून असलेल्या दुर्बिणी खाली उतरू लागतात. कुणाला ती विकायची असते, कुणाला तीच घ्यायची असते. यंदा जुन्या दुर्बिणींच्या देवघेवीचे प्रश्न इतके आले की आजचा लेख त्यांनाच देऊन टाकला.

मुलगा आठवीत आहे, त्याला ग्रह बघायचे वेड लागलंय. दुकानात ७६ मिलिमीटरची नवी दुर्बीण आहे, खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिलंय. दुसरीकडे एक गृहस्थ त्यांची जुनी सहा इंची डॉब्सन (पेटीवर फिरणारी आरशाची दुर्बीण) विकतायत. किंमत नव्या दुर्बिणीच्या दुपटीहून जास्त, खोकं नाही, वॉरंटी नाही. काय करावं? (नाशिक)

ताई, आधी ते ५२५ कुठून आलं ते बघा. दुर्बिणीचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर, ७०० मिलिमीटर; सोबतचा सगळ्यात बारीक आयपीस (डोळा लावायचं भिंग) ४ मिलिमीटरचा. ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट. त्यावर तीनपट करणारी बार्लो लेन्स लावली की ५२५. हिशोब खोटा नाही, फक्त उपयोगाचा नाही. आरशाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही चांगल्या हवेतली कमाल मर्यादा. ७६ मिलिमीटरला दीडशे पटींच्या पुढे गेलात तर मोठा, अंधुक, हलणारा लोळ दिसतो. सहा इंची आरसा तिच्या चौपट प्रकाश गोळा करतो. पैसे दुप्पट, प्रकाश चौपट.

आरशात आणि भिंगात झिजण्यासारखं फारसं काही नसतं, त्यामुळे वॉरंटीची मला फार काळजी नाही. काळजी आहे ती वजनाची. सहा इंची डॉब्सन पेटीसकट पंधरा किलोच्या आसपास भरते. चौथा मजला, लिफ्ट नाही आणि गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे, अशी स्थिती असेल तर ती तिसऱ्या आठवड्यात कपडे वाळत घालायच्या कामी येईल. तसं असेल तर १०x५० ची द्विनेत्री घ्या आणि दुर्बीण वर्षभर लांबवा.

जाता जाता एक खूण. नळीवर नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलंय, नळी मात्र जेमतेम दीड फुटाची, आणि आयपीस नळीच्या बाजूला बसतो. अशा दुर्बिणीच्या फोकसरमध्ये (आयपीस पुढेमागे सरकवायच्या नळीत) अंतर वाढवणारी एक छोटी लेन्स दडवलेली असते. स्वस्त दुर्बिणींत ही जोडी क्वचितच नीट जमते आणि आरसे जुळवताना माणूस रडकुंडीला येतो. फुकट मिळाली तरच घ्या.

आठ इंची दुर्बीण बघून आलो. आरशावर धुळीचा थर आहे, कडेला थोडे पांढरे डागही दिसले. मालक म्हणतो, ‘पुसून देतो.’ (दापोली)

आत्ता उठा आणि त्यांना फोन करा, ‘पुसू नका’ म्हणून.

दुर्बिणीच्या आरशाचा ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो, घरच्या आरशासारखा मागे नाही. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याइतकी. त्यावरची धूळ म्हणजे बारीक वाळू. कोरड्या फडक्याचा एक हात फिरला की कायमचे ओरखडे. मी आजवर जितके आरसे बिघडलेले पाहिले, त्यातले बरेचसे धुळीनं नाही, स्वच्छतेच्या हौसेनं बिघडले होते. थरभर धूळ असलेला आरसासुद्धा चित्र फारसं बिघडवत नाही. चंद्राभोवती किंचित धूसरपणा येतो, एवढंच.

पुसण्याऐवजी आरसा धुवावा लागतो, आणि तोही वर्षा-दोन वर्षांतून एकदा. नळीतून काढायचा, वाहत्या पाण्याखाली धरून सुटी धूळ जाऊ द्यायची, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून त्यात भिजवलेला कापूस स्वतःच्या वजनानं आरशावरून ओढायचा. दाबायचा नाही, आणि एक बोळा एकदाच. शेवटी पुन्हा डिस्टिल्ड वॉटर, आणि आरसा उभा करून वाळवायचा. काच पुसायचा निळा फवारा मारायचा नाही, त्यात अमोनिया असू शकतो.

तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट दुसरीच आहे, ते पांढरे डाग. कोकणात बुरशी हा दुर्बिणीचा खरा शत्रू. टॉर्च तिरपा धरून बघा. डाग नुसता गोल ठिपका असेल तर तो वाळलेल्या दवाचा, धुतल्यावर जातो. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू केंद्रातून बाहेर पसरलेले दिसले तर ती बुरशी. तिच्यातून पाझरणारं आम्ल मुलामा खातं आणि पुढे काचेवरही ओरखडते. आरशावर असेल तर अजून आशा आहे, मुलामा नवा करून घेता येतो. तो खर्च किमतीतून वजा करून मागा. पण भिंगाच्या दुर्बिणीत दोन भिंगांच्या मध्ये बुरशी शिरली असेल तर हात जोडून निघून या. ती जोडी सुटी करून पुन्हा तशीच बसवणं घरच्या टेबलावर होत नाही.

मुलामा कितपत उरलाय हे पाहायचं असेल तर आरसा ट्यूबलाइटसमोर धरून पलीकडचं दिसतं का ते बघा. सुईच्या टोकाएवढी चार-दोन छिद्रं चालतात. अख्खी ट्यूबलाइट स्पष्ट दिसली तर मुलामा संपलाय.

विकणारा रविवारी दुपारीच भेटू शकतो. दिवसा दुर्बीण तपासता येते का? (पुणे)

रात्रीची सर येत नाही, पण तपासता येते. सूर्य पाठीशी ठेवा आणि शंभरेक मीटरवरच्या विजेच्या खांबावर चिनी मातीचे चकचकीत इन्सुलेटर शोधा. त्यावर सूर्याचा एक झगझगीत ठिपका दिसतो. तोच तुमचा तारा. आयपीस नेहमीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर ओढावा लागेल, त्यात दोष नाही. वस्तू जवळ आहे म्हणून तसं होतं.

आरशाच्या मिलिमीटरइतक्या पटींचा आयपीस लावा, म्हणजे आठ इंचीला दोनशेच्या आसपास. ठिपका फोकसच्या किंचित आत आणि मग तितकाच बाहेर न्या. दोन्हीकडे एकाभोवती एक गोल वर्तुळं दिसायला हवीत. मधली (छोट्या आरशाची) सावली एका बाजूला सरकलेली असेल तर फक्त आरसे जुळवायचे राहिलेत; स्क्रू फिरवून होणारं काम, त्यासाठी भाव पाडू नका. वर्तुळं तिकोनी दिसली तर आरसा त्याच्या क्लिपांनी आवळलाय, क्लिपा सैल केल्या की सुटतो. आत आडवा लंबगोल आणि बाहेर उभा लंबगोल दिसला, तर थांबा. आरसा नळीत थोडा फिरवून पुन्हा पाहा. लंबगोलही आरशाबरोबर फिरला तर दोष काचेत आहे आणि तो कुठल्याच स्क्रूनं जाणार नाही.

रात्री हीच परीक्षा करायची तर दुर्बीण आधी पाऊण तास बाहेर ठेवा, नळीतली गरम हवा निघून जाऊ दे. आणि पुस्तकातलं वाचून ध्रुवताऱ्यावर लावू नका. युरोपात तो बराच उंच असतो, पुण्यात साडेअठरा अंशांवर, म्हणजे धुळीच्या आणि धुराच्या थरात. डोक्यावरचा तारा घ्या.

पावसाळ्यात दुर्बिणी स्वस्त मिळतात हे ऐकलं असेल. खरं आहे. कुणालाच तपासता येत नाही, म्हणून स्वस्त.

गेल्या डिसेंबरात (२०२५) ओळखीच्या ग्रुपमधून दुर्बीण घेतली. शनीला कडी नाहीत! गोळ्यातून सुई आरपार गेल्यासारखं दिसलं. विकणारा म्हणतो दुर्बीण ठीक आहे. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. (छत्रपती संभाजीनगर)

बोलणं सुरू करा, आणि जाताना पेढे न्या.

दोष शनीचाही नाही. शनीची मुख्य कडी पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेली आहेत, जाडी मात्र बहुतेक ठिकाणी दहा-वीस मीटर. सुमारे साडेएकोणतीस वर्षांच्या त्याच्या फेरीत दोनदा ती कडेवरून आपल्यासमोर येतात आणि जवळजवळ नाहीशी होतात. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी त्यांच्या पातळीतून गेली. त्यानंतर ती जरा उघडली आणि नोव्हेंबरात पुन्हा अर्ध्या अंशाच्या आत मिटली. तुम्ही नेमकं त्याच सुमारास पाहिलंत. १६१२ मध्ये गॅलिलिओचीही हीच गत झाली होती. दोन वर्षांपूर्वी शनीच्या दोन्ही अंगांना पाहिलेले गोळे गायब झाले आणि तो चक्रावला. त्याच्याकडे निदान भांडायला विक्रेता नव्हता, दुर्बीण स्वतःच बनवलेली होती.

आता कडी पुन्हा उघडू लागली आहेत, २०३२ मध्ये ती सर्वांत रुंद दिसतील. तोवर दुर्बिणीचा कस गुरूच्या पट्ट्यांवर लावा.

भाचा न्यू जर्सीहून येतोय. तिथे कुणाकडून जुना मोटरवाला इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यामागे दुर्बीण फिरवणारी बैठक) स्वस्तात मिळतोय. आणायला सांगू? (सातारा)

सांगा, पण त्याआधी भाच्याला चार गोष्टी विचारायला लावा. न्यू जर्सी चाळीस अंश अक्षांशावर, सातारा साडेसतराच्या पुढेमागे. माउंटचा अक्ष अक्षांशाइतकाच कलवायचा असतो आणि काही माउंट इतके खाली वाकतच नाहीत. वाकले तर तोलाच्या वजनाची दांडी ट्रायपॉडच्या पायावर आपटते. त्यासाठी माउंट आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये बसणारा उंचवट्याचा खांब मिळतो. विकणाऱ्याकडे असेल तर तोही मागा.

दुसरं, अडॅप्टरवर ‘१००-२४०’ लिहिलंय का ते वाचायला सांगा. नुसतं १२० असेल तर तो तिथेच ठेवा, इथला १२ व्होल्टचा घ्या. लिथियम बॅटरी असेल तर ती हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. आणि माउंट इथे आल्यावर ‘हा भलतीकडेच वळतो’ असं मला लिहिण्याआधी तारीख तपासा. अमेरिकन हँडसेट (माउंट चालवायचा रिमोट) महिना आधी मागतो, दिवस नंतर.

माउंट मीड किंवा ओरायनचा असेल तर किंमत आणखी खाली आणा. या दोन्ही नावांचा कारभार जुलै २०२४ मध्ये बंद झाला. यांत्रिक भाग चालत राहतील, पण सर्किट गेलं तर कंपनीकडून सुटा भाग मिळायची आशा धरू नका.

दुर्बिणीसोबत आयपीसला लावायचा काळा ‘सन फिल्टर’ फुकट मिळाला. वापरू का?

नाही. हातोडीनं फोडा, म्हणजे पुढच्या मालकाच्या हाती लागणार नाही. तो बसतो तिथे सूर्याची सगळी उष्णता एकवटते. काच तडकली तर डोळा जायला क्षणही लागत नाही. सूर्याचा फिल्टर नळीच्या तोंडाशीच हवा. २०१९ च्या कंकणाकृती ग्रहणासाठी घेतलेली फिल्म कुणी देत असेल तर ती दिव्यासमोर धरून छिद्रं बघा. एक जरी दिसलं तरी नको.

वस्तू न बघता ‘टोकन’ मागतायत. क्यूआर कोडही पाठवलाय. (अकोला)

वस्तू न बघता इसार देऊ नका. विकणाऱ्याला सांगा, आज रात्रीच्या चंद्राचा फोटो तुमच्याच आयपीसला मोबाइल लावून पाठवा. खरा मालक हौसेनं दहा पाठवेल. आणि उद्या तुम्ही विकायला निघालात आणि गिऱ्हाईकानं ‘पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करून पिन टाका’ म्हटलं, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

बाबा गेले. १९८५ मध्ये हॅलेच्या धूमकेतूसाठी त्यांनी स्वतः घासून केलेली सहा इंची दुर्बीण घरात आहे. आरसा काळवंडलाय. भंगारवाला नळीचे दोनशे देतो म्हणाला. काही किंमत येईल का? (ठाणे)

ताई, भंगारवाल्याला परत पाठवा.

काळवंडलाय तो मुलामा, आरसा नाही. चाळीस वर्षांत कुठलाही मुलामा जातो. बाबांनी केलेलं काम त्याच्याखाली आहे. दोन काचांच्या चकत्यांमध्ये कार्बोरंडमची पूड घालून, एक खाली एक वर, हातानं तासन् तास घासायचं. पूड बारीक करत जायची. मग डांबरावर पॉलिश. शेवटी अंधाऱ्या खोलीत दाढीचं ब्लेड आणि बारीक उजेड घेऊन फूकोची परीक्षा (आरशाचा आकार तपासायची) करायची, पुन्हा दहा मिनिटं घासायचं, पुन्हा परीक्षा. काचेचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याइतका अचूक आणायचा असतो. त्या काळात घरोघरी केलेले सगळे आरसे उत्तम होते असं म्हणणार नाही. पण काही आरसे आजच्या कारखान्यातल्या आरशांना मान खाली घालायला लावतात, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आधी तपासून घ्या. मुंबईचं खगोल मंडळ किंवा पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (ही तर १९४४ पासूनची) अशा ठिकाणी आरसे घासलेली जुनी मंडळी भेटतात. आरसा धुऊ नका, खरवडू नका, मऊ कापडात गुंडाळून तसाच न्या. आकार चांगला निघाला तर मुलामा नवा करा आणि मग विकायचं की नाही ते ठरवा. पैशात विचाराल तर फार येणार नाहीत. घरगुती दुर्बिणीला नाव नसतं आणि बाजार नावाला भाव देतो. पण बाबांची वही असेल तर शोधा. आरसे घासणारी माणसं नाभीय अंतर, परीक्षेचे आकडे, तारखा सगळं लिहून ठेवायची. ती वही सोबत असेल तर घेणारा घासाघीस कमी करतो.

आठ इंची डॉब्सन घेतली. कोल्हापूरहून मिरजेला एसटीनं नेता येईल?

येईल. नळी रिकामी करून चादरीत गुंडाळा आणि शेवटच्या बाकाखाली सारा. पेटी टपावर गेली तरी चालेल. आरसा सुटा काढा, टॉवेलात बांधा आणि पोचेपर्यंत मांडीवरून खाली ठेवू नका.