वायरिंग उसवण्याआधी नोटीस पाठवा

प्रश्न : मी शिरपूरचा, निवृत्त शिक्षक. आम्हा दोघांना फिरायची हौस, म्हणून जळगावच्या जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून बोलेरोमागे ओढायचा वापरलेला कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतला. ४ लाख ६० हजार रुपये बँकेतून दिले. बिलावर 'जशी आहे तशी' असा शिक्का आहे. सौद्याआधी व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, 'बॅटरी नवी टाकली आहे, वायरिंग ओके, फ्रिज-पंखे-लाईट रात्रभर चालतील.' तोरणमाळच्या पहिल्याच मुक्कामात मध्यरात्रीच्या आत दिवे मंद झाले आणि फ्रिज बंद पडला. घरी येऊन १४ हजारांची नवी बॅटरी टाकली, जुनी दुकानदाराला सूट घेऊन दिली. नवी बॅटरीही दुसऱ्या मुक्कामाला बसली. मिस्त्रीने पलंगाखालचं प्लायवूड काढलं, तर आत वितळलेल्या वायरी, टेप गुंडाळलेले पिळाचे जॉइंट आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार. व्यापारी म्हणतो, सेकंड हँड मालाला गॅरंटी नसते. ट्रेलर घेऊन तीन आठवडे होत आले, आरसी अजून नाशिकच्या मूळ मालकाच्या नावावर आहे. मिस्त्री नव्या वायरिंगचे ३८ हजार सांगतो. करून घेऊ का? पैसे परत मिळतील का? पोलिसात जाऊ का? सारंगखेड्याच्या यात्रेत ट्रेलर भाड्याने द्यायचाही विचार होता.

उत्तर : सर, मिस्त्रीला आजच थांबवा. वायरिंग बदलायला हवीच, पण ती आता उसवली तर तुमच्या बाजूचा सर्वात मोठा पुरावा भंगारात जाईल. शिवाय पैसे परत मागण्याचा हक्कही कमकुवत होईल. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे, माल ताब्यात आल्यावर मालक असल्यासारखा त्यात फेरफार केला किंवा नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपेक्षा जास्त ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. एकदा स्वीकारला की साधारणपणे भरपाईच मागता येते, सौदा मोडता येत नाही. तेव्हा बॅटरीची केबल काढून ठेवा, बाहेरच्या विजेचा प्लग लावू नका, त्यात झोपू नका आणि आधी कागद करा.

उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे बॅटरीच्या दुकानात जा. तुम्ही दिलेली जुनी बॅटरी अजून तिथे पडली असेल, तर सूट परत करावी लागली तरी ती सोडवून आणा. बॅटरीवर उत्पादनाचा महिना-वर्ष सांगणारा कोड असतो. तो दोन-तीन वर्षांपूर्वीचा निघाला, तर 'नवी टाकली आहे' हे वाक्य तिथेच खोटं पडतं. जुन्या वस्तूला नवी म्हणून खपवणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बॅटरी भट्टीत गेली असेल तर दुकानदाराकडून एवढं लिहून घ्या, की अमुक तारखेला अमुक कंपनीची, अमुक कोडची बॅटरी सरांकडून घेतली.

आता बॅटरी आणि वायरिंग यांतला फरक नीट समजून घ्या, कारण अख्खी केस त्यावर उभी आहे. बॅटरी झिजणारी वस्तू आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि लेड-ॲसिड बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते. वापरलेल्या ट्रेलरमधली जुनी बॅटरी कमी चालली, एवढ्यावर कोणी तुम्हाला पैसे देणार नाही. वायरिंगचं तसं नाही. ते प्लायवूडच्या आड होतं, घेताना तुम्ही कितीही निरखून पाहिलं असतं तरी दिसलं नसतं. वस्तू विक्री कायद्याचं कलम १६ सांगतं की व्यापाऱ्याने वर्णन करून विकलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे. खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते असे दोष मात्र त्याला नंतर सांगता येत नाहीत. फळीआडचा दोष त्या अपवादात बसत नाही.

व्यापाऱ्याचा वकील काय म्हणेल तेही आत्ताच ऐकून ठेवा. तो म्हणेल, 'गुरुजींनी बॅटरी वाजवीपेक्षा जास्त वापरली.' बॅटरी १०० अँपिअर-अवरची धरली तर लेड-ॲसिडमधून निम्मी, म्हणजे ५०, एवढीच वापरावी असा शिरस्ता आहे. फ्रिज ४ अँपिअर, दोन पंखे मिळून २ आणि दिवे १, असे ७ अँपिअर सलग चालले तर सात तासांत ती निम्म्यावर येते. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त चालेल. तेव्हा पहाटे बॅटरी उतरली असती, तर मी तुम्हाला केस करू नका असंच सांगितलं असतं. तुमचे दिवे मध्यरात्रीच्या आत गेले आणि कोरी बॅटरीही तशीच बसली. याचा अर्थ एक तर ती कधी चार्जच झाली नाही किंवा वीज वाटेतच गळत होती. यातलं नेमकं काय, ते मोजून दाखवावं लागेल.

ते मोजमाप परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून किंवा चार्टर्ड इंजिनिअरकडून लेखी करून घ्या. त्याआधी व्यापाऱ्याला तारीख, वेळ आणि जागा कळवून 'हजर राहा' असं लिहा. तो आला नाही तरी चालेल, पण त्याला संधी दिली होती हे दिसलं पाहिजे. तपासणाऱ्याला मी सांगतो त्या क्रमाने जायला सांगा. आधी सगळं बंद करून, काही तास विश्रांती दिलेल्या बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावायचा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास निम्मी, ११.८ च्या खाली रिकामी. मग चार्जर चालू करून पुन्हा त्याच टोकांवर बघायचं. आकडा साडेतेराच्या वर चढला पाहिजे. चढलाच नाही तर चार्जर मेलेला आहे किंवा त्याची वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाही, आणि तुमची नवी बॅटरी का बसली याचं उत्तर तिथेच मिळालं. त्यानंतर फ्रिज आणि दिवे चालू ठेवून एकदा बॅटरीवर आणि एकदा फ्रिजच्या टोकावर मोजायचं. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा मोठा फरक आला, तर मधली वायर बारीक आहे किंवा जॉइंट जळके आहेत. बॅटरीचं निगेटिव्ह टोक आणि ट्रेलरची चासी यांच्यातही तसंच मोजायचं, तिथे फरक जवळजवळ शून्य हवा. जुन्या ट्रेलरला अर्थचा बोल्ट गंजलेला किंवा रंगाच्या थरावर कसलेला असतो आणि मिस्त्री लोक ते बघायचं विसरतात. शेवटी सगळी बटणं बंद असताना किती करंट वाहतो ते बघायचं. प्रत्येक वेळी मीटरचा आकडा आणि वायरीची जागा एकाच फोटोत आली पाहिजे. केबल पुन्हा जोडायची ती एवढ्याच कामापुरती, तपासणाऱ्याच्या हाताने आणि त्याने योग्य फ्यूज बसवल्यावर. ती तांब्याची तार काढून पाकिटात सील करा, पाकिटावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

ती तार मला सगळ्यात जास्त खटकते. फ्यूज वायर वाचवायला असतो, जास्त करंट गेला की तो आधी जळायचा. त्याच्या जागी तार घातली की वायरच जळते, आणि ती तुमच्या पलंगाखाली होती, प्लायवूडला लागून. हे नोटिशीत ठळकपणे लिहा, कारण नुकसान नुसत्या गैरसोयीचं राहत नाही, जिवाच्या धोक्याचं होतं. तपासणाऱ्याला २३० व्होल्टच्या बाजूचं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, हेही चार्जर लावण्याआधी बघायला सांगा. पत्र्याच्या डब्यात अर्थिंग नसेल तर बाहेरचा प्लग लावताच ट्रेलरच्या पत्र्यातच वीज उतरू शकते.

'जशी आहे तशी' या शिक्क्याला घाबरू नका. कायद्यात गृहीत धरलेल्या अटी करार करून वगळता येतात, वस्तू विक्री कायद्याचं कलम ६२ तसं म्हणतं. पण व्यापाऱ्याने स्वतःच्या हाताने 'वायरिंग ओके' लिहून दिलं आहे, ते त्याचं स्पष्ट आश्वासन आहे. छापील शिक्क्याने ते पुसलं जात नाही असाच युक्तिवाद मी करीन. ग्राहक कायद्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्याही तुमच्या बाजूची आहे : व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा सांगितला, त्यात उणीव असेल तर तो दोष. व्हॉट्सॲपचा मेसेज त्यात येतो. ते संभाषण पुसू नका, फोन बदलू नका, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र तक्रारीसोबत जोडू.

आता मुदत. तीन आठवडे झाले आहेत म्हणून घाई करतो आहे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला व्यापाऱ्याने नकार देणं हीदेखील अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर कायदा त्यासाठी ३० दिवस धरतो. म्हणून याच आठवड्यात स्पीड पोस्टाने नोटीस जाऊ द्या. मागणी अशी ठेवा : ट्रेलर परत घ्या आणि ४ लाख ६० हजार द्या, ते न केल्यास वायरिंगचे ३८ हजार, बॅटरीचे १४ हजार, तपासणीचा खर्च आणि मानसिक त्रासाची भरपाई द्या. माझा अंदाज विचाराल तर पूर्ण पैशांपेक्षा दुसरी मागणी लवकर पदरात पडते, विशेषतः चासी, चाकं आणि बॉडी चांगली असेल तर. नोटिशीत उत्तराला पंधरा दिवस द्या. त्या काळात त्याने सामंजस्य दाखवलं नाही आणि तपासणी झालेली असली, तर मिस्त्रीला कामाला लावायचं की ट्रेलर तसाच उभा ठेवायचा हे तुम्ही ठरवा. पैसेच परत हवे असतील तर हात लावू नका. भरपाई चालणार असेल तर काम करून घ्या आणि काढलेली प्रत्येक वायर पोत्यात भरून जपा.

तक्रार धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येईल, जळगावला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागायची सोय केली आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा ५० लाखांची आहे आणि मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत दोन वर्षांची. तांत्रिक तपासणी लागणाऱ्या प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत लावावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त धरून चला. व्यापाऱ्याने आयोगात मध्यस्थीची तयारी दाखवली तर नाही म्हणू नका.

भाड्याने देण्याचं मात्र डोक्यातून काढा. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. खरेदीमागचा मुख्य हेतू काय होता हे पाहायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लीलावती मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात सांगितलं. तुमचा हेतू दोघांनी फिरण्याचा होता, तो टिकेल. पण यात्रेत एकदा भाडं घेतलंत की समोरची बाजू त्याची पावती दाखवेल. खासगी नोंदणीचं वाहन भाड्याने चालवलं म्हणून आरटीओचं लफडं वेगळं. हा विचार होता ही गोष्ट मात्र कोणी विचारलं तर लपवू नका.

पोलिसात जायचं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार होऊ शकते. पण विकतानाच त्याच्या मनात खोट होती हे दाखवावं लागतं आणि तो लगेच म्हणेल, तार मूळ मालकाने घातली, मला काय ठाऊक. ग्राहक आयोगात त्याला ठाऊक होतं की नव्हतं हा प्रश्न गौण ठरतो, माल सदोष होता एवढं पुरतं. म्हणून आधी आयोग. बॅटरीच्या कोडवरून धडधडीत खोटं बाहेर आलं, तर पोलिसांचं नंतर बघू.

एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत, पण ती तितकीच तातडीची आहे. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हाही मोटार वाहनच आहे आणि त्याची नोंदणी वेगळी असते. कलम ५० प्रमाणे देणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरायचा, तुमच्या बाबतीत धुळ्याच्या आरटीओत. व्यापाऱ्याकडून मूळ मालकाची सही असलेला फॉर्म २९ मागा आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र लागेल. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं अधिकृत विक्रेता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्याची प्रत नोटिशीत मागून घ्या, नसेल तर तोही मुद्दा आपलाच. परतीची मागणी केली म्हणून नावावर करण्याचा अर्ज थांबवू नका. 'नोटिशीतले हक्क राखून अर्ज करतो आहे' असं एक ओळीचं पत्र सोबत जोडा आणि त्याची पोच घ्या.