नोकरी सांभाळून एकट्यानं छंद म्हणून गेम बनवायचा आहे. सुरुवातीला कोणतं गेम इंजिन घेऊ?

गोडो घ्या. गेम बनवायचं हे सॉफ्टवेअर आजच उतरवा. पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरातच नोकरी आहे, रात्री तास-दीड तास मोकळा मिळतो, लॅपटॉप साधा आहे, कॉलेजातलं सी थोडंफार आठवतंय. गेम मोबाइलवर टाकता येईल का आणि चार पैसे मिळतील का, हेही विचारलंय. आणि शेवटी, "सगळे म्हणतात शिकायचंच तर अनरियल शीक, निदान युनिटी तरी." ते वाक्य वाचलं आणि झोपायचं सोडून लिहायला बसलो. हे 'सगळे' आमच्या घरात एकच आहेत. आमचे दाजी.

दाजी पुण्यात आयटीत. माणूस चांगला, अडीनडीला पहिला धावून येणारा. पण गेमच्या बाबतीत त्यांचं म्हणजे खासबागेच्या कुस्ती मैदानात कडेला बसून डाव सांगणाऱ्यासारखं आहे. खेळलेत रग्गड, बनवलेला एक नाही. मी उद्यमनगरात व्हीएमसीचे, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकी मशीनचे, प्रोग्रॅम लिहितो. २०२१च्या पुरात हायवे बंद पडला, कारखान्यात माल येईना, तेव्हा घरी बसल्या बसल्या गेमचं डोक्यात आलं आणि फोन लावला तो दाजींनाच. "अनरियल. डोळे झाकून," एवढंच उत्तर.

चाळीसेक जीबी उतरवायला तीन रात्री गेल्या. उघडलं तर शेडर (पडद्यावर रंग-उजेड काढणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल व्हायचा आकडा हजारांत, आणि लॅपटॉपचा पंखा असा गरगरायला लागला की आतून आईनं विचारलं, "एवढ्या रातीचा मिक्सर कुणी लावलाय?" दोष अनरियलचा नाही, माझ्या आठ जीबी रॅमच्या डब्याचा. आता तर अनरियलची कंपनी एपिक स्वतःच ३२ जीबी रॅम सुचवते. पण मिळणाऱ्या तासातला पाऊण तास वाट बघण्यातच गेला तर गेम बनवायचा कधी? सात-आठ महिने मी रोज रात्री इंजिन उघडत होतो. बनवत काहीच नव्हतो.

मग युनिटी. तिथं बरं चाललं होतं, सी शार्प शिकलो ते अजून उपयोगी पडतंय. अशात १२ सप्टेंबर २०२३ला युनिटीनं रनटाइम फी जाहीर केली: गेमची कमाई आणि इन्स्टॉल एका मर्यादेपुढं गेले की नव्या प्रत्येक इन्स्टॉलमागं २० सेंटपर्यंत पैसे. आता खरं सांगायचं तर मला त्यातला एक पैसा लागणार नव्हता. फुकटवाल्यांसाठी मर्यादा दोन लाख डॉलर कमाई आणि दोन लाख इन्स्टॉल, आणि माझा गेम तोवर मी सोडून कुणी बघितलासुद्धा नव्हता. दहा दिवसांत त्यांनी फुकटवाल्यांना वगळलं, वर्षभरानं फीच रद्द केली. तरीपण माझं मन उडालं. भाड्याच्या गाळ्यात मशीन बसवावं आणि मालकानं मधेच येऊन नगामागं पैसे मागावेत, तसं वाटलं. गोडोला मालकच नाही. अर्जेंटिनातल्या दोघांनी, हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांनी ते बनवलं आणि २०१४ साली एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना मोकळं केलं. गेमवर कोटभर कमवा, कुणी वाटा मागायला येत नाही.

फी जाहीर झाली त्यानंतर आठवड्यानं गणपती बसले. गौरीच्या जेवणाला ताई-दाजी आले होते. मी पुरणपोळी वाढता वाढता सहज बोलून गेलो की आता गोडोवर करणार.

"ते पोरांचं खेळणं आहे रे," दाजी म्हणाले. "इंडस्ट्रीत कोण वापरतं? वेळ घालवायचाच असेल तर गोष्ट वेगळी."

"दाजी, वेळच घालवायचाय. छंद आहे."

"छंद म्हणून केलं तरी नीट करावं माणसानं."

सगळे हसले, ताईसुद्धा. मी काही बोललो नाही, पण तिथंच ठरवलं की भाऊबीजेला पुण्याला जाईन तो पूर्ण झालेला गेम घेऊनच.

विषय घरचाच निवडला. दिवाळी पाडव्याला आपल्याकडं सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटारसायकलमागं पळवतात, ते तुम्हाला सांगायला नको. शिंगं रंगवलेली, मोरपिसं खोचलेली, पुढं सायलेन्सरची पुंगळी काढलेली गाडी आणि मागं म्हैस चौखूर. बस, तेवढाच गेम. गाडी तुमच्या हातात. फार पुढं गेलात तर म्हैस थांबते आणि वळून घरी जाते. हळू चालवलीत तर तीच तुम्हाला गाठते. मधे खड्डे आणि हलगीवाले. दोन मिनिटांचा रस्ता. यापेक्षा मोठा गेम पहिल्यांदा करायला घेऊ नका. दहा लेव्हल, चार पात्रं, ऑनलाइन असलं काही वहीत लिहून ठेवलं असेल तर ते पान फाडा.

गोडोत सगळं नोड (एकेक छोटा भाग) आणि सीनमध्ये (असे नोड जोडून केलेला गट) चालतं. माझ्यासारख्याला हे एका रात्रीत कळलं, कारण सीन म्हणजे आमचा सबप्रोग्रॅम: म्हैस एकदा नीट लिहायची आणि पाहिजे तिथं पाहिजे तितक्यांदा बोलवायची. गोडोची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथनच्या वळणाची आहे, सी येणाऱ्याला आठवडाभर पुरे. खटकलं ते एवढंच की टूडीमध्ये वाय अक्ष खाली वाढतो. आमच्या मशीनवर उलट. माझी म्हैस पहिल्या दिवशी खड्ड्यात पडायच्या ऐवजी आभाळात गेली.

आणि मराठी. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. देवनागरी नीट दिसायला इंजिनला अक्षरं जुळवता यावी लागतात. ते नसेल तर 'मिनिट'चं 'मनिटि' होतं आणि 'म्हैस'मधला म पाय मोडून एकटा उभा राहतो. माझं झालं होतं, कुठल्या इंजिनात ते सोडा. एकेक शब्दाचं चित्र करून चिकटवत होतो. गोडो ३मध्येही ही सोय नव्हती. मार्च २०२३ला ४.० आलं आणि साध्या लेबलात टाइप केलेलं जसंच्या तसं उमटायला लागलं. फक्त मुक्ता किंवा बालूसारखा फाँट स्वतः जोडा. वेबवर टाकताना फाँट सोबत नसला की नुसते चौकोन दिसतात.

भाऊबीज. ओवाळणी झाली, फराळ झाला, मी पेन ड्राइव्ह काढला. भाचा मांडीवर येऊन बसला. दाजींचा लॅपटॉप म्हणजे गेमिंगचा, कीबोर्डखाली रंगीत दिवे वगैरे. गेम सुरू झाला, हलगी वाजली, गाडी निघाली आणि म्हैस बंदुकीतून सुटल्यासारखी गाडीला मागं टाकून पडद्याबाहेर. परत सुरू केला. परत तेच. भाचा खिदळत होता, त्याला वाटलं गेमच तसला आहे. दाजी काही वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे रे. इंजिनच तसं म्हटल्यावर तू तरी काय करणार."

रात्रीच्या एसटीनं परत निघालो. झोप कसली लागतेय. खंबाटकीचा घाट चढताना ट्यूब पेटली. गाडी मी फिजिक्सच्या फंक्शनमध्ये चालवली होती, ते सेकंदाला साठ वेळाच चालतं. म्हैस मात्र साध्या फंक्शनमध्ये, दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तेव्हा, चार पिक्सेल पुढं. माझा पडदा साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रं, म्हणून घरी दोघांची गती जुळत होती. दाजींचा १४४ हर्ट्झचा. म्हैस जवळजवळ अडीचपट पळाली. मशीनवाल्याच्या भाषेत सांगायचं तर जी९४च्या जागी जी९५ टाकला होता: फीड, म्हणजे टूल पुढं सरकायची गती, मिनिटाला द्यायची सोडून फेऱ्याला दिली, स्पिंडल जोरात फिरला आणि टूलही सुसाट. ज्या चुकीवरून मी कारखान्यात नव्या पोरांना ओरडतो, तीच. दुसऱ्या दिवशी डेल्टानं, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळानं, गुणलं, चाराचे दोनशे चाळीस केले, म्हैस ताळ्यावर. यात इंजिनचा काय संबंध? युनिटीत डेल्टाटाइमनं गुणलं नसतं तर तिथंही म्हैस अशीच गेली असती. अनरियलमध्येही गेली असती, फक्त जास्त चकचकीत दिसली असती.

तुमचं काम. गोडोच्या साइटवरून छोटीशी झिप येईल, सोडवा, उघडा, इन्स्टॉल करायची भानगड नाही. नवा प्रोजेक्ट करताना रेंडरर (चित्र काढायची पद्धत) 'कंपॅटिबिलिटी' निवडा, ग्राफिक्स कार्ड नसेल तर हेच धरून चला. यूट्यूबवर गोडो ३चे जुने धडे पडलेत, त्यांच्या नादी लागू नका. त्यातलं कायनेमॅटिकबॉडी ४मध्ये कॅरेक्टरबॉडी झालंय आणि तुम्हाला वाटेल आपणच माठ आहोत. मोबाइलसाठी जावा आणि अँड्रॉइडचं एसडीके (ॲप बनवायची अवजारं) वेगळं उतरवावं लागतं, ते गोडोपेक्षा जड आहे. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर, आणि नव्या वैयक्तिक खात्याला गेम प्रकाशित करण्याआधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस टेस्टिंग करून घ्यावं लागतं. तालमीतली बारा पोरं धरा, चहा पाजा. मी त्या वाटेला गेलो नाही, इच.आयओ या गेमच्या साइटवर फुकट टाकून मोकळा झालो. पैशाचं मला विचारू नका.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. पुण्या-बेंगळुरूला गेम कंपनीत नोकरी धरायची असेल तर युनिटी किंवा अनरियलच शिका, तिथं दाजींचं बरोबर आहे. खऱ्यासारखा दिसणारा थ्रीडी हवा असेल आणि मशीन दणकट असेल तर अनरियल, शिवाय ब्लूप्रिंटमुळं (चौकटी रेघांनी जोडून प्रोग्रॅम करायची सोय) कोड कमी लिहावा लागतो आणि दहा लाख डॉलर कमाईपर्यंत ते रॉयल्टी मागत नाहीत. कोड अजिबातच नको असेल तर जीडेव्हलप बघा, तेही खुलं आहे. प्लेस्टेशन वगैरेवर गोडोचा गेम थेट जात नाही, मधे दुसऱ्या कंपनीची मदत लागते. पण तुम्ही विचारलंय ते छंदाचं.

दाजी, ताईनं ही लिंक तुम्हाला पाठवली असेलच. त्या दिवशी चूक माझी होती, मान्य. नवी फाइल इचवर आहे. तुमच्याच लॅपटॉपवर चालवा, १४४ हर्ट्झवर, आणि म्हैस कुठं जाते बघून फोन करा.