सिझरनंतर रक्तात बुरशी कशी आली?

सिझरनंतर सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) होऊन आयसीयूत असलेल्या वहिनींच्या रक्तात कॅन्डिडा ही बुरशी सापडली. ही अस्वच्छतेमुळे आली का, आणि आधीचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह कसं होतं, हे तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं आयसीयूत काढल्यामुळे लिहितो.

कॅन्डिडा बहुतेकांच्या अंगात असतेच, आतड्यात, योनिमार्गात. एरवी तिथले जिवाणू तिला डोकं वर काढू देत नाहीत. जोरदार अँटिबायोटिक्सनी ते जिवाणू मेले, त्यात पोटाचं ऑपरेशन, मानेतली सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), शिरेतून पोषण किंवा डायलिसिस आलं, की तिला रान मोकळं. कधी ती हाताळणाऱ्यांच्या हातांवरून लाईनमध्येही जाते, म्हणून तुमची शंका अगदीच वावगी नाही. पण नुसत्या रिपोर्टवरून कुणाला दोषी धरता येत नाही.

कल्चरचं म्हणाल तर खोलवरच्या कॅन्डिडा संसर्गात रक्ताचं कल्चर जवळपास निम्म्या वेळा निगेटिव्हच येतं. म्हणून अँटिबायोटिक्स चालू असूनही ताप हटत नसेल, तर मुरलेले डॉक्टर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबत नाहीत. (उलट थुंकीत कॅन्डिडा दिसली तर घाबरू नका, ती बहुधा तिथे नुसतीच बसलेली असते.)

आता विचारा: जुनी लाईन काढली का? डोळ्यांचा पडदा तपासला का? कल्चर रोज किंवा दिवसाआड होतंय का? सुरुवात बहुधा कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन या बुरशीवरच्या इंजेक्शनांनी होते. गुंतागुंत नसेल तर औषधाचे 14 दिवस मोजायचे ते पहिलं निगेटिव्ह कल्चर आल्यापासून. ताप उतरला तरी इंजेक्शनं का चालू, म्हणून नातेवाईक भांडतात, ते यामुळे.

खरी धास्ती म्युकरची, म्हणजे ‘काळ्या बुरशी’ची. ती क्वचितच होते, पण साखर फार चढलेली असेल किंवा स्टिरॉइड्स चालू असतील तर टाक्यांच्या कडा काळ्या पडून पसरताहेत का, नाकातून काळपट काही येतंय का, चेहऱ्याची एक बाजू सुजलीय का, याकडे लक्ष ठेवा. तिथे कॅस्पोफंजिन, फ्लुकोनॅझोल पुरे पडत नाहीत. अॅम्फोटेरिसिन बी लागतं आणि मेलेला भाग कापून काढावा लागतो. असं काही दिसलं तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, रात्रीच सांगा.

बाळाच्या दुधाचं: पुढे गोळ्यांवर, म्हणजे फ्लुकोनॅझोलवर आणलं तर सहसा पाजता येतं. तोवर वहिनींची तब्येत झेपत असेल तर दूध काढत राहायचं का, हे नर्सला विचारा, नाहीतर ते आटतं.