वाचकांचे प्रश्न : वाळूच्या पेटीतला हिमालय

प्रश्न : हिमालय वली पर्वत आहे, असे पुस्तकात आहे. मग गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्यातून दिसणारा सह्याद्रीही भूखंडांच्या टकरीतूनच वर आला का?
(एक विद्यार्थी, वाळपई)

नाही. सह्याद्री हा पठाराचा झिजलेला कडा आहे. घाट चढून वर गेलात की पलीकडे तेवढाच उतार लागत नाही, सपाटीच लागते. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आणि सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स भारतापासून सुटे झाले. त्या तुटलेल्या काठाची झीज होत होत कडा आत सरकला. सत्तरीच्या ईशान्य टोकाला दिसणारा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक, सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे आणि त्याचे थर आजही जवळपास आडवे आहेत. टकरीत सापडलेले थर असे आडवे राहत नाहीत.

चेपला गेलेला पर्वतपट्टा बघायचा तर नजर वर नको, खाली हवी. बार्शे, सावर्डे, डिचोली, वाघेरी ही आपल्याच गावा-डोंगरांची नावे गोव्यातल्या जुन्या खडकगटांना दिलेली आहेत. हे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने. त्यांना वळ्या पडल्या आहेत आणि पट्टे साधारण वायव्य-आग्नेय दिशेने धावतात. त्यांत क्लोराइटसारखी हिरवट खनिजे आहेत, म्हणजे हे थर कधीकाळी काही किलोमीटर खोल, साधारण ३०० ते ४५० अंश सेल्सिअस तापमानात होते. वरचा पर्वत झिजून गेला. उरले आहे ते त्याचे मूळ, आणि त्यावर जांभ्याचे पांघरूण.

प्रश्न : नववीच्या मुलांना पर्वत कसा घडतो ते करून दाखवायचे आहे. टॉवेल ढकलून घडी पाडण्यापलीकडे काही आहे का?
(एक शिक्षिका, फोंडा)

टॉवेलला नावे ठेवू नका. स्कॉटलंडचे भूशास्त्रज्ञ जेम्स हॉल यांनी कापडाच्या घड्या एकावर एक रचल्या, वर वजन लादलेले दार ठेवले आणि दोन्ही बाजूंनी दाबले. १८१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग तो हाच. पण कापड तुटत नाही, खडक तुटतो. म्हणून वाळू घ्या.

पेटी ६० सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० उंच. लांब बाजूंना काच, तळाला प्लायवूड, आणि आत पेटीच्या रुंदीत बसणारी एक सरकती फळी. फळीच्या कडांना फेल्टची पट्टी चिकटवा, नाहीतर वाळू तिच्याखालून मागे निसटते आणि निम्मा दाब वाया जातो. वाळू नदीची, चाळलेली, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. किनाऱ्यावरची आणू नका. तिच्यातले मीठ हवेतला ओलावा ओढते. दुसरे काही मिळालेच नाही तर गोड्या पाण्यात चार-पाच वेळा धुऊन वाळवा.

बहुतेक प्रयोग फसतात ते ओलाव्याने. कोरडी वाळू दाण्यादाण्यांच्या घर्षणावर उभी राहते, तिची चिकटण्याची ताकद जवळजवळ शून्य. खडक तिच्या लाखपट मजबूत असतो, पण त्याची जाडीही किलोमीटरांत असते. हा हिशेब जुळतो म्हणूनच १ सेंटिमीटर वाळू ढोबळमानाने १ किलोमीटर खडकाची जागा घेते. वाळू जराशी जरी दमट झाली तरी दाणे एकमेकांना धरतात, थर ढेकळांसारखे फुटतात आणि हा हिशेब पार बिघडतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रयोग करायचाच असेल तर वाळू तव्यावर भाजून, थंड होताच झाकणाच्या डब्यात ठेवा.

फळीपुढे अर्ध्या सेंटिमीटरचे सहा थर घाला. प्रत्येक थर चाळणीतून, एकाच उंचीवरून. हाताने थापटलेत की दाणे घट्ट बसतात आणि एकच थर दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतो. दोन थरांमध्ये खूण म्हणून रंगीत रांगोळीची रेघ, मिलिमीटरभरच. जाड झाली तर तीच घसरणीचा थर बनते. मग फळी सावकाश ढकला. वेगाने कोरड्या वाळूच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही, पण हिसके बसू नयेत आणि मुलांना बघायला वेळ मिळावा.

आधी वाळू नुसती फुगते. मग काचेतून रांगोळीच्या रेघा तुटलेल्या दिसतात: फळीकडे साधारण ३० अंशांनी कललेली भेग पडते आणि मागचा भाग तिच्यावरून पुढच्याच्या डोक्यावर चढतो. यालाच थ्रस्ट म्हणतात. जरा वेळाने तो थांबतो आणि त्याच्या पुढे दुसरा सुरू होतो, मग तिसरा. १५ सेंटिमीटर ढकलेपर्यंत चार-पाच थ्रस्ट आणि पाचर-आकाराचा डोंगर तयार. हिमालयातही हाच क्रम दिसतो. उत्तरेकडचा मुख्य मध्य थ्रस्ट जुना, त्याच्या दक्षिणेचा मुख्य सीमा थ्रस्ट त्यानंतरचा, आणि पायथ्याचा सर्वांत तरुण थ्रस्ट आजही जागा आहे. हे सगळे खोलवर एकाच घसरणीच्या तळाला मिळतात. २०१५चा ७.८ तीव्रतेचा नेपाळचा भूकंप त्या तळावरच झाला, आणि तेव्हाची फूट जमिनीवर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तळाला सॅंडपेपर लावून हाच प्रयोग करा, तिसऱ्या दिवशी गुळगुळीत प्लास्टिक. सॅंडपेपरवर डोंगर उभट आणि आखूड होतो, प्लास्टिकवर पसरट आणि लांब. पाचरीचा उतार तळाच्या घर्षणावर ठरतो, हे डेव्हिस, सप आणि डॅलेन या भूशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये गणिताने मांडले. मुलांना त्यासाठी गणित लागत नाही, कोनमापक पुरतो. वेळ उरलाच तर शिखरावरची वाळू चमच्याने हळूच काढत ढकला. मागचे थांबलेले थ्रस्ट पुन्हा हलू लागतात. पाऊस डोंगर झिजवतो आणि झीजच डोंगराला आतून हलवते, हे एवढे सोपे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

एक सावधगिरी: काचेलगत दिसते ते पूर्ण खरे नसते. काचेच्या घर्षणाने भेगा तिथे वाकतात. शेवटी फवारणीच्या बाटलीने वाळू हळूहळू भिजवा, पाणी मुरू द्या आणि पातळ पत्र्याने मधोमध काप घ्या. खरी आकृती त्या कापात दिसेल. आणि खोलवरचा तापलेला, मऊ होऊन वाहणारा खडक या पेटीत नाही, हेही मुलांना सांगा.

प्रश्न : दोनापावलाच्या किनाऱ्यावरच्या खडकांतले तिरके थर मोबाइलवर मोजता येतात का? थर सुलटा की उलटा कसे ओळखायचे? डिचोलीच्या खाणीजवळ मात्र दर वेळी वेगळा आकडा येतो.
(एक वाचक, पणजी)

मोबाइल चालतो. आधी चुंबकाची क्लिप असलेले कव्हर काढा. थराच्या पृष्ठावर आडवी रेषा पाहा, तिची दिशा म्हणजे स्ट्राइक. तिला काटकोनात सर्वांत तीव्र उताराचा कोन म्हणजे डिप. थर खडबडीत असेल तर त्यावर वही ठेवून वहीचा कोन घ्या. एकाच थरावर दहा वेळा मोजा आणि तऱ्हेवाईक आकडे बाजूला काढा. जा ते पूर्ण ओहोटीला. शेवाळावर पाय सरकतो, आणि पावसाळ्यात तिथे जाऊच नका.

दोनापावलाचा ग्रेवॅके हा समुद्राच्या तळावर गढूळ प्रवाहांनी टाकलेला गाळ. जाड दाणे आधी बसतात, बारीक नंतर. म्हणून दाणे ज्या बाजूला बारीक होत जातात ती थराची वरची बाजू. दाणे ओळखू येत नसतील तर पाटन पाहा, म्हणजे खडक ज्या बारीक समांतर पापुद्र्यांत फुटतो त्यांचा कल. थर आणि पाटन एकाच दिशेला कललेले असून पाटन जास्त तीव्र असेल तर थर सुलटा. थर जास्त तीव्र असेल तर उलटा. खडकाला दोनदा वळ्या पडल्या असतील तर हा नियम फसवतो, तेव्हा दाण्यांवरच भरवसा ठेवा.

डिचोलीत दोष तुमचा नाही. तिथल्या लोहखनिजात मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असते आणि ते सुई ओढते. दोन ठिकाणे निवडा, पहिल्यावरून दुसऱ्याची दिशा मोजा, मग दुसऱ्यावरून पहिल्याची. दोन्ही आकड्यांत १८० अंशांचा फरक आला नाही तर सुई भरकटते आहे. अशा वेळी दिशा नकाशावरच्या दोन ठळक खुणांवरून काढा. डिप मात्र तुम्ही मोजलेलाच ठेवा. त्याला चुंबकाशी घेणेदेणे नाही.