सरकारी रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टरच हवा का?

मी बरीच वर्षं सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय अधीक्षक होतो. त्यामुळे असेल, पण हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. आज तेवढ्याचीच उत्तरं.

जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी एकच का? (वाशीम)

नाही. जिल्हा रुग्णालय शल्यचिकित्सकांकडे, प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

पुतण्या बी.कॉम. आहे. सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सनंतर सरकारी रुग्णालयात अधीक्षक होता येतं, अशी जाहिरात आहे. फी भरू का? (सांगली)

भरू नका. ते पद डॉक्टरचं आहे. अशी हमी देणारा फसवतो आहे. मुलाला रुग्णालय व्यवस्थापनाची खरंच आवड असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी रीतसर पदव्युत्तर शिक्षण मिळतं. आधी तिथल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी बोला.

इंग्लंडमध्ये मॅनेजर रुग्णालयं चालवतात म्हणे. मग इथे डॉक्टर कशाला? (पुणे)

ऐकीव माहिती अर्धीच असते. 1983 साली सेन्सबरीज या दुकानांच्या साखळीचे रॉय ग्रिफिथ्स यांनी तिथल्या आरोग्यसेवेचा अहवाल दिला, त्यानंतर मॅनेजर आले, हे खरं. पण त्यांचं मुख्य दुखणं वेगळं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आज दिवा घेऊन फिरली तर इथे जबाबदार कोण हेच शोधत बसेल, असं त्यांनी लिहिलं. डॉक्टरांनीही खर्चाच्या निर्णयात उतरावं, हेही त्याच अहवालात आहे.

भंडाऱ्याच्या रुग्णालयात तर डॉक्टरच प्रमुख होते. मग डॉक्टर असून उपयोग काय? (नागपूर)

या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देता येणार नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे तिथल्या नवजात शिशू कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी दहा गेली. प्रमुख डॉक्टर हवाच, कारण ऑक्सिजनचा दाब उतरला की कोणत्या खाटेकडे आधी धावायचं हे त्याला कळतं. पण एम.बी.बी.एस.मध्ये विजेचा भार, निविदा, फायर ऑडिट यांतलं काही शिकवत नाहीत. डॉक्टरला एक दिवस खुर्चीत बसवतात आणि तो पुढे चुकतमाकत शिकतो. त्याची किंमत रुग्ण मोजतात.

त्याहून वाईट म्हणजे ‘प्रभारी’. एका ग्रामीण रुग्णालयात बाळाला ऊब देणारा वॉर्मर बंद पडलेला मी पाहिला आहे. बिघाड किरकोळ होता, दुरुस्तीची फाइल टेबलावर तयार होती. सही करणाऱ्या डॉक्टरांकडे दोन रुग्णालयांचा कार्यभार, इथे ते मंगळवारी आणि शुक्रवारी येत, आणि आले की बाह्यरुग्ण विभागातली रांग संपेपर्यंत उठता येत नसे. तीन आठवडे परिचारिका बाळांना दुलईत गुंडाळून दुसऱ्या वॉर्डात नेत होत्या. विजेचं काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतं. त्यांच्या दारात रोज जाऊन बसणारा माणूस लागतो. म्हणून माझं म्हणणं असं: डॉक्टर हवा, प्रशासनाचं प्रशिक्षण घेतलेला हवा, आणि पूर्णवेळ हवा. हाताखाली हिशेब आणि यंत्रं सांभाळणारा व्यवस्थापकही हवा. यातलं एक गाळलं तर बाकीचं लंगडं पडतं.

आमच्या ग्रामीण रुग्णालयाला वर्षभर कायम अधीक्षक नाही. काय करावं? (नंदुरबार)

वर्षभर का थांबलात? दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात मंजूर आणि रिक्त पदं विचारा; तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ते कागद घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना प्रत्यक्ष भेटा. अर्जाचा मसुदा जाणकार वकिलाला दाखवा, आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.