"सर, माझ्याकडे स्टोरीच नाहीये"

एमबीबीएसला बहुतेक ठिकाणी नीटच्या मार्कांवरच अॅडमिशन, मुलाखतबिलाखत काही नाही, त्यामुळे पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजचं, बोलावणं आलं की पोरांची धांदल उडते. तिथे इंग्रजी-लॉजिकची टेस्ट, मानसिक चाचणी, मुलाखत, वर मेडिकल. आणि प्रश्न ठरलेला, डॉक्टर का व्हायचंय?

या मुलाखतीच्या तयारीसाठी माझ्याकडे सातारा जिल्ह्यातली एक मुलगी आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). बसल्या बसल्या म्हणाली, "सर, माझ्याकडे स्टोरीच नाहीये. घरात कोणी डॉक्टर नाही, कोणी सिरियस झालं नाही." हातात क्लासवाल्यांनी दिलेला कागद, लहानपणापासून गोरगरिबांची सेवा करायचं स्वप्न वगैरे. मी विचारलं, बरं, या वर्षात कोणत्या गरिबाची काय सेवा केलीस? गप्प. मी पण फार ताणलं नाही, कारण खरं सांगू का, सुरुवातीला मीसुद्धा मुलांना असलीच वाक्यं लिहून द्यायचो आणि एकजण पुढच्याच प्रश्नाला ततपप करून परत आलेला, ते अजून टोचतं.

मग 'का' बाजूला ठेवलं. घरात गोळ्या कोणाला चालू आहेत? "आजोबांना, शुगरच्या." बोटाला सुई कोण टोचतं? "मीच." आणि मग ती जी सुटली! शुगर लिहायला एक वही केलेली, त्यात एरवी सकाळी उपाशीपोटी १३०-१४० आणि दर शुक्रवारी १८०च्या वर. डॉक्टर गोळी वाढवायच्या बेतात होते. हिच्या लक्षात आलं की गुरुवारी गावचा बाजार असतो, आजोबा तिथे जिलेबी खाऊन येतात आणि घरी कोणाला बोलत नाहीत. वही डॉक्टरांना दाखवली, गोळी आहे तीच राहिली.

"हेच सांग की," मी म्हटलं. तर म्हणे, हे काय सांगायचं, हे कोणीही करेल! अगं पण केलं कोणी? आणि मुख्य म्हणजे यावर पुढचे दहा प्रश्न विचारले तरी तुझ्याकडे उत्तर आहे, कारण घडलंय ते तुझ्यासमोर. मग लॅब टेक्निशियन का नाही, असं मी मुद्दाम खोदून विचारलं. थोडा वेळ घेऊन म्हणाली, "आकडा काढून थांबायला आवडणार नाही सर, तो का आला ते शोधून पुढे काय करायचं तेही मलाच ठरवायचंय." यातला एक शब्द मी शिकवलेला नाही.

"आर्मी का" यावर मात्र घाम गाळला. सातारची आहेस म्हणून 'रक्तातच आर्मी' नको, तो डायलॉग पॅनेलने शंभरदा ऐकलेला असणार.

फायनल लिस्टमध्ये तिचं नाव आलं नाही. आता सरकारी मेडिकलला सेकंड इयरला आहे. वही आजोबा स्वतःच लिहितात, गुरुवारच्या पुढे 'अर्धी प्लेट' असं.