उंच टँक आहे, पण मासे किती आणि कोणते?

प्रश्न : नमस्कार ताई, नणंदेची बदली झाली म्हणून त्यांचा फिश टँक आमच्याकडे आलाय, २ फूट लांब, १ फूट रुंद आणि अडीच फूट उंच. दिसायला भारी आहे. दुकानदार म्हणतो १३५ लिटरचा टँक आहे, ३०-४० मासे आरामात राहतील, आणि मिस्टर म्हणतात वरचं अर्धं पाणी नुसतं रिकामं दिसणार. टँकसोबत २ गोल्डफिश पण आलेत. या उंचीचं नक्की काय करायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी ते ३०-४० मासे डोक्यातून काढून टाका. १३५ लिटरचा हिशोब बरोबर आहे पण माशांना लागणारा ऑक्सिजन मुख्यतः वरच्या पृष्ठभागातूनच पाण्यात उतरतो, आणि तुमच्या टँकचा पृष्ठभाग साधारण ६० बाय ३० सेंमी, म्हणजे १८०० चौरस सेंमी आहे. हेच १३५ लिटर ९० सेंमी लांब आणि ५० सेंमी उंच टँकमध्ये असते तर पृष्ठभाग २७०० झाला असता, सरळ दीडपट. उंची वाढली की पाणी वाढतं, पण वरचा पृष्ठभाग आणि माशांना आडवं पळायची जागा तेवढीच राहते, म्हणून उंच टँकमध्ये मासे कमीच ठेवायचे आणि उंचीला शोभतील असे निवडायचे.

माझं मत विचाराल तर एंजल. हा मासा अॅमेझॉनच्या संथ पाण्यात उभ्या मुळांच्या आणि देठांच्या मधून फिरणारा, अंगाने चपटा आणि स्वतःच उंच, पूर्ण वाढला की वरच्या पंखाच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ८ इंचांच्या आसपास जातो, बुटक्या टँकमध्ये बिचाऱ्याला पंख नीट पसरता येत नाहीत. लहान ४ पिल्लं आणा, पुढे त्यातली जोडी जमली की ती बाकीच्यांना हाकलायला लागते, तेव्हा उरलेल्यांची सोय दुसरीकडे करायची तयारी आधीपासून ठेवा. सोबत ७-८ लेमन टेट्रा आणि तळाला एक ब्रिसलनोज प्लेको, बास. निऑन टेट्रा नको, मोठा झालेला एंजल ते गिळतो. टायगर बार्ब आणि विडो टेट्रा पण नको कारण ते एंजलचे लांब पंख कुरतडतात. कोरीडोरास गोड मासा आहे पण तो मधूनमधून हवा घ्यायला तळापासून थेट वर येतो, त्याला अडीच फुटांची ही चढ-उतार कशाला करायला लावायची? गोल्डफिशना थोडं थंड पाणी आणि लांब टँक लागतो, ते दोघं कुणा ओळखीच्यांना द्या.

आता मिस्टरांचं रिकामं पाणी. एक-दोन ड्रिफ्टवुड (टँकमध्ये ठेवायचे लाकडाचे तुकडे) आडवे न ठेवता उभे लावा, पार वरच्या तिसऱ्या भागापर्यंत येतील असे, आणि त्यांना मधल्या उंचीवर अनुबियास आणि जावा फर्न ही पाणझाडं दोऱ्याने बांधा (अनुबियासचा जाड कंद वाळूत पुरू नका, कुजतो). मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया लावा, तिची पानं रिबिनीसारखी वर जाऊन पृष्ठभागावर पसरतात. साध्या एलईडीचा उजेड एवढ्या खोलवर फार कमी पोचतो म्हणून तळाला गवतासारख्या झाडांचा गालिचा करायचा खर्च करू नका, दुकानात कितीही आग्रह केला तरी. आणि काठावर मनी प्लांट अडकवून नुसती मुळं पाण्यात सोडा, ती पाण्यातलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून साठणारा क्षार) ओढून घेतात आणि एंजल त्या मुळांमधून फिरताना इतके छान दिसतात की बास.

फिल्टरचं पाणी ओढणारं तोंड तळाजवळ आणि बाहेर सोडणारं तोंड वर ठेवा, म्हणजे तळाचं पाणी वर येतं आणि पृष्ठभाग हलता राहतो. छोटा एअर पंप ७५ सेंमी खोलीवर दमतो, त्याच्या नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड अर्ध्या उंचीवर टांगलात तरी चालेल, पण नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवाच, नाहीतर लाइट गेली की पाणी उलटं पंपात येऊ शकतं. नाशकातली थंडी बघता १५० वॅटचा हीटर घ्या, तो खाली लावा कारण गरम पाणी आपणहून वर चढतं, आणि २५ ते २८ डिग्री ठेवा. जुन्या फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, त्यातले उपयोगी बॅक्टेरिया क्लोरीनने मरतात. आणि हो, पाणी, काच, वाळू, स्टँड मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन एवढ्याशा जागेवर येणार, तेव्हा स्टँड लेव्हलमध्ये आहे ना ते पाणी भरायच्या आधीच बघा.

प्रश्न : आमचा पण टँक उंच आहे, तळाला हात पोचत नाही, साफ कसा करायचा?
– एक वाचक, सांगली

उत्तर : झाडांसाठी लांब चिमटा, काचेसाठी मॅग्नेट क्लीनर, फक्त वाळूच्या जवळ नेताना जपून, एक कण जरी मधे अडकला तरी काचेवर कायमचा ओरखडा पडतो. तळाची घाण सायफनच्या पाइपने काढा, दर आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की पुरे. हीटर मात्र आधी बंद करा आणि १०-१५ मिनिटं थांबून मगच पाणी काढा, उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.